पेट्रोल सेडान की हायब्रिड सेडान? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसयूव्हीचा विषय घरात संपला, सेडानच घ्यायची हे ठरलं आणि आता गाडं अडलंय ते पेट्रोल की हायब्रिड यावर, अशांसाठी हे पान आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमचे किलोमीटर शहरात जातात की हायवेवर, हे एकदा नीट मोजलंत की निम्म्याहून जास्त निर्णय तिथेच होतो. माहितीपत्रकावरचा मायलेजचा आकडा पाहून गाडी ठरवू नका.

तुलना नेमकी कोणत्या गाड्यांची?

पेट्रोलमध्ये होंडा सिटी, ह्युंदाई वेर्ना, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस. चौघींची लांबी साडेचार मीटरच्या वर. हायब्रिडमध्ये या मापाची एकच सेडान आहे, होंडा सिटी ई:एचईव्ही. ती भारतात मे २०२२ मध्ये आली. तिच्या वरची हायब्रिड सेडान म्हणजे थेट टोयोटा कॅमरी. तिची किंमत पंचेचाळीस लाखांच्या पुढे असल्याने ती या चर्चेत येत नाही.

मारुती सियाझवरही ‘हायब्रिड’ लिहिलेलं असायचं. मग ती वेगळी कशी?

ती माइल्ड हायब्रिड होती. तिच्यातली छोटी मोटर इंजिनाला हातभार लावायची, सिग्नलवर बंद झालेलं इंजिन पटकन सुरू करायची, पण एकट्या मोटरवर गाडी हलत नव्हती. सिटी ई:एचईव्ही ही स्ट्राँग हायब्रिड आहे. तिच्यात १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन आणि दोन मोटर आहेत. कमी वेगात गाडी नुसत्या बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली किंवा जोर हवा असला की इंजिन सुरू होऊन वीज बनवतं, आणि चाकं फिरवण्याचं काम तरीही मोटरच करते. हायवेला एका लयीत चालताना मात्र इंजिन क्लचने थेट चाकांना जोडलं जातं. नेहमीसारखा गिअरबॉक्स नसल्यामुळे गिअर बदलताना बसणारा झटकाही नाही.

जुन्या बाजारात ‘हायब्रिड’ म्हणून सियाझ दाखवली, तर तिच्याकडून हायब्रिडच्या मायलेजची अपेक्षा ठेवू नका. गाडी म्हणून ती उत्तमच आहे, तो प्रश्न निराळा.

घरी चार्जिंगला लावावी लागते का?

नाही. प्लगची जागाच नाही. ब्रेक लावताना आणि इंजिन चालताना बॅटरी आपोआप भरते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना सोसायटीची परवानगी, वेगळं मीटर यापैकी कशाचीच गरज पडत नाही.

भाऊ, सरळ सांगा: हायब्रिडचे जास्तीचे पैसे वसूल होतात का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगतो.

हायब्रिड सिटीची एक्स-शोरूम किंमत एकोणीस-वीस लाखांच्या घरात आहे. ती वरच्या व्हेरिएंटमध्येच मिळते, तेव्हा तुलना पेट्रोल सिटीच्या वरच्या ऑटोमॅटिकशी करायला हवी. टॅक्स-विमा धरून ऑन-रोड फरक चार लाख धरू. तुम्हाला मुळात मधलं व्हेरिएंट पुरेसं असेल, तर फरक त्याहून बराच मोठा आहे हेही लक्षात घ्या. सनरूफ आणि लेदरच्या सीट नको असताना त्यांचे पैसे मोजून वर पेट्रोल वाचवायला निघालो, तर त्या बचतीला काही अर्थ राहत नाही.

आता चालवण्याचा खर्च. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलंय, तुम्ही आजचा भाव टाका. शहरात पेट्रोल ऑटोमॅटिक लिटरला १२ किलोमीटर आणि हायब्रिड २१ किलोमीटर देईल असं धरू. पेट्रोलला किलोमीटरमागे ८ रुपये ७५ पैसे पडतात, हायब्रिडला ५ रुपये. म्हणजे शहरातल्या प्रत्येक किलोमीटरला पावणेचार रुपये वाचतात. चार लाख भरून निघायला साधारण १ लाख ७ हजार किलोमीटर लागतील.

महिन्याला ८०० किलोमीटर शहरात फिरणाऱ्या घराचे महिन्याला तीन हजार वाचतात. तेवढ्यावर चार लाख वसूल व्हायला अकरा वर्षं लागतात. कामठीहून हिंगणा एमआयडीसीला रोज जाऊन-येऊन पन्नास-साठ किलोमीटर करणाऱ्याचे महिन्याला १,४०० किलोमीटर होतात. त्याचे सव्वापाच हजार वाचतात आणि सहा-साडेसहा वर्षांत हिशेब जमतो. गाडी आठ-दहा वर्षं ठेवणार असाल तर ठीक, दर चार वर्षांनी बदलणार असाल तर नाही.

हेच गणित हायवेला लावून पाहा. शंभर-एकशे दहाच्या वेगाला पेट्रोल सेडान १७ आणि हायब्रिड २० देते असं धरलं, तर फरक किलोमीटरमागे रुपयाच्याही आत येतो. ज्यांचं बहुतेक चालणं अमरावती, चंद्रपूर, रायपूर असं आहे, त्यांचे चार लाख इंधनातून कधीच परत येणार नाहीत.

आणि गाडी कर्जावर घेतली तर?

मग गणित आणखी कडक होतं. जास्तीचे चार लाख ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर त्यांचा हप्ता महिन्याला ८,३०० रुपयांच्या आसपास बसतो. पेट्रोल वाचतंय तीन ते पाच हजारांचं. शोरूममध्ये ‘सर, पेट्रोल वाचतं त्यातच हप्ता निघतो’ असं कोणी म्हणालं, तर हे दोन आकडे कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवा. फरकाची रक्कम रोख भरता येत नसेल, तर मी पेट्रोलच घ्या म्हणेन. घरचा महिन्याचा खर्च ताणून हायब्रिड घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

सरकार हायब्रिडला टॅक्समध्ये सूट देतं ना?

ती इलेक्ट्रिक गाड्यांना आहे. ५ टक्के जीएसटी आहे तो शुद्ध इलेक्ट्रिकवर. चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल सेडान आणि लांब हायब्रिड सेडान, दोन्हींवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्केच लागतो. उत्तर प्रदेशने २०२४ मध्ये हायब्रिडचा नोंदणीकर माफ केला, ती बातमी इथेही बरीच फिरली. पण ती सवलत तिथल्या नोंदणीला होती.

आपल्या एमएच-३१, एमएच-४९ किंवा एमएच-४० पासिंगसाठी पेट्रोलचाच रोड टॅक्स धरून चाला: दहा ते वीस लाखांच्या गाडीला १२ टक्के, वीस लाखांच्या वर १३ टक्के. हायब्रिड नेमकी या सीमारेषेवर असल्याने कोटेशन लेखी घ्या आणि टॅक्सची ओळ वेगळी वाचा. थर्ड पार्टी विम्यात हायब्रिडला साडेसात टक्के सूट आहे, पण ती रक्कम हजाराच्या आतच राहते.

आपल्या उन्हाळ्यात हायब्रिड टिकते का? ४५ डिग्रीत बॅटरीचं काय होईल?

हा प्रश्न पुण्या-मुंबईचे लोक विचारत नाहीत, आपल्याला विचारावाच लागतो. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि नवतपात ४५ चं कोणाला नवल वाटत नाही.

आधी हायब्रिडची जमेची बाजू. तिच्या एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, इंजिनाच्या पट्ट्यावर नाही. मे महिन्यात संध्याकाळी साडेसहाला व्हरायटी चौकाच्या सिग्नलला उभे राहिलात की हा फरक लगेच कळतो. इंजिन बंद, गाडी शांत, फक्त एसीच्या पंख्याचा आवाज, आणि हवा तितकीच गार. दोन-तीन मिनिटांनी बॅटरी उतरते तसं इंजिन स्वतःहून सुरू होतं, थोडं चार्ज करून पुन्हा बंद होतं. पेट्रोल गाडी एसी लावून तासभर उभी ठेवली तर लिटरच्या आसपास पेट्रोल जाळते, आणि उभ्या गाडीत तिचा एसीही जरा मंदावतो.

आता दुसरी बाजू. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता मानवत नाही. दुपारभर उन्हात तापलेली गाडी सुरू केली की कंट्रोल युनिट आधी बॅटरीला जपतं. पंखा जोरात फिरतो, इंजिन जास्त वेळ चालू राहतं. त्यामुळे मे महिन्यात हायब्रिडचं मायलेज जानेवारीसारखं मिळत नाही. गाडी बिघडलेली नसते, ती स्वतःला सांभाळत असते. उपाय साधे आहेत. सावलीत उभी करा. बसण्याआधी चारही दारं मिनिटभर उघडी ठेवा, मगच एसी लावा.

बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरीला हवा देणारी जाळी मागच्या सीटजवळ किंवा डिकीच्या बाजूला असते. तुमच्या गाडीत ती कुठे आहे हे मॅन्युअलमध्ये शोधा आणि तिच्यासमोर उशी, पिशवी, मुलांचं दप्तर ठेवू नका. आपल्याकडची धूळ आणि वाळलेला पाला त्या जाळीत अडकतो. सर्व्हिसिंगच्या वेळी ती साफ केली का, हे तोंडी विचाराच.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: मोठी बॅटरी असली तरी हायब्रिडमध्ये साधी १२ व्होल्टची बॅटरीही असते. ती उतरली तर गाडी ‘रेडी’ होत नाही, म्हणजे निघतच नाही. उन्हाळा त्या छोट्या बॅटरीचं आयुष्य खातो, पेट्रोल गाडीत खातो तसंच. तीन वर्षं झाली की उन्हाळ्याआधी तपासून घ्या.

समृद्धीवर दर महिन्याला मुंबईकडे जाणं असतं. हायब्रिड चालेल?

चालेल, पण तिचा खास गुण तिथे वापरात येत नाही. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे आणि कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. शंभरच्या वर गेलं की मुख्य खर्च वारा कापण्याचा. ब्रेक फारसा लागत नाही, म्हणजे बॅटरीत परत येणारी वीजही थोडी. इथे १.५ लिटर टर्बो पेट्रोल जास्त सुखाने चालतं. स्लाव्हिया-व्हर्टसचं १.५ टीएसआय टर्बो इंजिन १५० पीएस (अश्वशक्तीसारखं ताकदीचं माप) आणि वेर्ना टर्बो १६० पीएस देतं. हायब्रिड सिटीची एकत्रित ताकद १२६ पीएस आहे. ओव्हरटेकला ती कमी पडत नाही, कारण मोटरचा २५३ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर, पहिल्या क्षणापासून हाताशी असतो. पण पाय दाबून धरला की इंजिनाचा आवाज चढतो आणि ट्रायलच्या वेळी आवडलेली शांतता जाते.

टाकी सिटीच्या दोन्ही रूपांत ४० लिटरची, बाकी तिघींची ४५ ची.

गाडी कोणतीही असो, समृद्धीवर चढण्याआधी टायर बघा. सिमेंटचा तापलेला रस्ता, सलग तास-दोन तासांचा वेग आणि घासलेलं टायर हे एकत्र आलं की जिवावर बेततं. पाच वर्षांपेक्षा जुनं टायर वरून चांगलं दिसलं तरी त्यावर मी माझ्या घरच्यांना समृद्धीवर जाऊ देणार नाही.

डिकीत खरंच एवढा फरक आहे का?

आहे, आणि बऱ्याच घरांचा निर्णय इथेच फिरतो. पेट्रोल सिटीची डिकी ५०६ लिटर, हायब्रिडची ३०६. दोनशे लिटर बॅटरीनेच खाल्ले. वेर्ना ५२८, स्लाव्हिया-व्हर्टस ५२१. प्रत्यक्षात सांगायचं तर पेट्रोल सेडानमध्ये चार जणांच्या दोन मोठ्या बॅगा, वर सॅक आणि काटोलहून येताना संत्र्यांची एखादी क्रेट बसते. हायब्रिडमध्ये दोन मोठ्या बॅगा ठेवल्या की क्रेट मागच्या सीटवर, कोणाच्या तरी पायाशी. लग्नसराईत सारखं गावाला जाणं असेल, तर शोरूमला जाताना घरची सगळ्यात मोठी बॅग सोबत न्या आणि डिकीत ठेवून बघा. विक्रीवाल्याला काय वाटेल याचा विचार करू नका, पैसे तुमचे आहेत.

बॅटरी गेली तर लाखोंचा फटका बसतो म्हणतात. खरं काय?

होंडा आणि टोयोटा दोघंही हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात, यातलं जे आधी पूर्ण होईल ते. इलेक्ट्रिक कारच्या मानाने ही बॅटरी फार छोटी असते. संगणक तिला पूर्ण भरू देत नाही, पूर्ण उतरूही देत नाही, त्यामुळे ती बऱ्यापैकी टिकते. पहिल्या आठ वर्षांत या भीतीने झोप उडवू नये. नवव्या वर्षी मात्र गाडी विकायला काढली, तर घेणारा हाच प्रश्न तुम्हाला विचारेल आणि भाव पाडेल. नागपुरात जुन्या हायब्रिड सेडानला गिऱ्हाईक थोडंच. पेट्रोल सिटी किंवा वेर्ना विकायला मात्र फार दिवस लागत नाहीत.

आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडून काम करून घेता येईल?

पेट्रोलचं, हो. हायब्रिडमध्ये ऑइल, फिल्टर, टायर, सस्पेन्शन इथपर्यंत ठीक. बोनेट उघडल्यावर जाड नारिंगी केबल दिसतात, त्या उच्च दाबाच्या. त्यांना प्रशिक्षण नसलेल्या माणसाने हात लावायचा नाही. पार्किंगमध्ये उंदीर-घुशींचा त्रास असेल तर अधूनमधून बोनेट उघडून नजर टाका, पण केबल कुरतडलेली दिसली तर टेप गुंडाळत बसू नका, कंपनीला फोन करा.

हायब्रिडमध्ये वेगळा स्टार्टर आणि अल्टरनेटर नाही, आणि वेग कमी करण्याचं बरंच काम मोटर करत असल्याने ब्रेक पॅड जास्त टिकतात. सर्व्हिसिंगचा खर्च पेट्रोलच्या आसपासच राहतो. शहराबाहेर, गडचिरोली किंवा मेळघाटाच्या बाजूला नेहमी जाणाऱ्यांनी मात्र वाटेतल्या अधिकृत वर्कशॉपचा विचार आधी करावा.

गर्दीत कोणती ऑटोमॅटिक बरी?

इतवारी-गांधीबागेत सरकत-सरकत जायचं असेल तर हायब्रिडसारखं सुख नाही. तिच्या खालोखाल सिटीची सीव्हीटी (ठरावीक गिअरच नसलेली ऑटोमॅटिक) आणि स्लाव्हिया-व्हर्टस १.० ची सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर (तेलाच्या माध्यमातून जोर देणारी ऑटोमॅटिक). १.५ टर्बो गाड्यांतली सात गिअरची ड्युअल क्लच (दोन क्लच आलटून-पालटून वापरणारी ऑटोमॅटिक) मोकळ्या रस्त्यावर मजा देते, पण उन्हाळ्यात इंच-इंच पुढे नेत राहिलं की तापते. तिला पूर्ण थांबवा, समोर गाडीभर जागा झाली की मग हलवा.

आई-बाबांना चढा-उतरायला कोणती सोपी?

चारही सेडान खालीच. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दोन्ही पर्यायांत सारखाच त्रास होईल, तेव्हा त्यांना ट्रायलला सोबत नेल्याशिवाय बुकिंग करू नका. मागे बसून त्यांना स्वतः उठू द्या, हात देऊ नका, तेव्हाच खरं कळेल.

ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने मायलेज पडतं का?

थोडं पडतं, दोन्हींचं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी. नव्या गाड्या त्यासाठीच बनवलेल्या असल्याने तेवढ्यासाठी एक सोडून दुसरी घेण्याचं कारण नाही. जुनी गाडी घेताना मात्र एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर इंधनाच्या झाकणावर आणि मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते वाचा.

मनीषनगरला राहून राहिलो, ऑफिस मिहानमध्ये, महिन्यातून एकदा गाव. काय घेऊ?

पेट्रोल. अंतर कमी, रस्ता मोकळा, गावाला जाताना डिकी हवी. वाचलेल्या पैशांत सहा एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) असलेलं चांगलं व्हेरिएंट घ्या. वेर्ना, स्लाव्हिया आणि व्हर्टस या तिघींना ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच स्टार आहेत.

दिवसभर शहरात या टोकाहून त्या टोकाला फिरणारा डॉक्टर, एजंट, साइटवर जाणारा इंजिनिअर असता आणि गाडी दहा वर्षं ठेवणार असता, तर मी हायब्रिड म्हणालो असतो, न कचरता. दिवसातले चार तास गाडीत जाणाऱ्या माणसाचा शिणवटा ती कमी करते, आणि ही किंमत रुपयांत मांडता येत नाही.

ट्रायल कुठे आणि कशी घ्यावी?

शोरूमवाले मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारून आणतात, त्यावर समाधान मानू नका. संध्याकाळची वेळ मागा. उन्हाळ्यात दुपारी काही चौकांतले सिग्नल बंदच ठेवतात, तेव्हा खरी गर्दी कळत नाही. सदर किंवा सीताबर्डीतून सिग्नल घेत या, मग वर्धा रोडच्या डबलडेकर उड्डाणपुलावर चढा. एसी पूर्ण, घरचे चार जण आत. निघण्याआधी ट्रिप मीटर शून्य करा आणि परत आल्यावर स्क्रीनवरच्या सरासरीचा फोटो काढा. त्याच दिवशी, त्याच रस्त्याने दुसरी गाडी चालवा. कॉलनीतल्या उंच गतिरोधकावर चार माणसांसह खालून घासते का, तेही बघून घ्या.

पावसात पाणी भरलं तर हायब्रिडमध्ये शॉक बसेल का?

उच्च दाबाची यंत्रणा सीलबंद असते आणि गडबड जाणवली की ती स्वतःच जोडणी तोडते. नुसतं पावसात, साचलेल्या पाण्यातून जाण्यात पेट्रोलपेक्षा वेगळा धोका नाही. गाडी पाण्यात उभी राहिली तर गोष्ट निराळी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत उभ्या गाड्यांत पाणी शिरलं, ते आपण सर्वांनी पाहिलंय. तुमची पार्किंग बेसमेंटला किंवा नाल्याकाठी असेल, तर विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर दोन्ही प्रकारच्या गाड्यांना घ्याच. हायब्रिड असेल तर बॅटरी त्या पॉलिसीत येते का, हे एजंटकडून लेखी मागा. पाणी सीटपर्यंत आलेली गाडी चालू करून बघू नका, स्टार्टचं बटण दाबूही नका. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि टो करूनच वर्कशॉपला न्या.